दोन सुया, एक दोरा

दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो. 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होते. यात्रेतली गर्दी घोड्याची चाल, रंग आणि किंमत पाहते. तिथेच घोड्यांच्या साजाची दुकाने लागतात. खोगीर, लगाम, तंग, रिकिबीचे पट्टे असा माल टांगलेला असतो. त्यातला हाताने शिवलेला एखादा चांगला पट्टा उलटसुलट करून पाहावा. दोन्ही अंगांनी शिवण सारखीच दिसते. सरळ बाजू कोणती आणि उलटी कोणती, हे सांगता येत नाही. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, दोन्ही सुया एकाच भोकातून आरपार नेऊन घातलेला हा टाका आहे. घोडा उधळला आणि तंग तुटला तर स्वार खाली येतो. म्हणून खोगीर शिवणाऱ्यांनी सर्वांत भरवशाचा टाका आपल्या कामासाठी राखला, आणि पुढे पाकिटे, पट्टे, पिशव्या शिवणाऱ्यांनी तो त्यांच्याकडून घेतला. हौस म्हणून चामड्याचे काम शिकणारा माणूस जगात कुठेही असला, तरी बहुधा पहिला धडा याच टाक्याचा गिरवतो.

गेल्या काही वर्षांत हा छंद मराठी घरांतही पोचला आहे. बहुतेकांची सुरुवात ऑनलाइन मागवलेल्या अवजारांच्या संचाने होते आणि पुष्कळदा तिथेच थांबते. कारण अवजारे हातात येतात, पण ज्याच्यावर ती चालवायची त्या चामड्याची ओळखच नसते. ही ओळख करून देणारे बरेच काही खानदेशात दाराबाहेर आहे. बांधावर बाभूळ आहे, माळावर तरवड आहे, सातपुड्यात कांडोळाचा डिंक आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर चपला शिवणारे गटई कामगार आहेत.

मोटेपासून डफापर्यंत

इंजिने आणि विजेचे पंप येण्यापूर्वी खानदेशातली विहीर-बागायत चामड्यावर उभी होती. विहिरीतून पाणी काढणारी मोट जाड चामड्याची असे. तिच्या रुंद तोंडाला लोखंडी कडे आणि खाली निमुळती सोंड. तोंडाकडचा जाड दोर म्हणजे नाडा आणि सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. बैल उताराच्या धावेवरून खाली निघाले की मोट वर येई. वर येताना सोंदूर सोंडेला दुमडून तोंडाच्या उंचीवर धरून ठेवी, त्यामुळे पाणी सांडत नसे. मोट काठावर आली की सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. झडप नाही, कळ नाही, सगळी करामत चामड्याच्या लवचिकपणाची आणि पाणी न गळणाऱ्या शिवणीची. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत ही मोट आली आहे. तीच मोट दुरुस्त करणारे, तेल पाजून मऊ ठेवणारे हात मात्र फारसे कुठे आले नाहीत.

मोटेखेरीज पाणी वाहायची पखाल, बैलांचे पट्टे आणि वाद्या, आसूड, वहाणा ही सगळी कमावलेल्या चामड्याची. वहीगायन या खानदेशी लोकगायनातल्या डफाची गोष्ट मात्र वेगळी. डफावर ताणलेले कातडे कमावलेले नसते. केस काढून, स्वच्छ करून, ताणून वाळवलेले ते कच्चे कातडे असते. म्हणून ते टणक राहते आणि वाजते. पावसाळी हवेत ते ओल धरून सैलावते, मग वादक डफ शेकोटीवर तापवून घेतो. कमावलेले चामडे असे वागत नाही. कच्चे कातडे आणि चामडे यांतला सगळा फरक या एका उदाहरणात आहे.

या कसबामागे एक कटू इतिहासही आहे. गावगाड्यात मेलेली जनावरे ओढणे, कातडी सोलणे, ती कमावणे आणि शिवणे ही कामे जातींवर वाटून लादलेली होती. ज्यांच्या हातच्या मोटेवर शिवार पिकायचे, त्यांना त्याच विहिरीवर पाणी भरण्याची मोकळीक नसे. 1927 च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे आणि अपमानाची गावकीची कामे सोडण्याची हाक दिली, ती या वास्तवातून. आज कुणी सुटीच्या दिवशी हौसेने आरी हातात घेतो, तेव्हा त्याच्या छंदाला मिळणारे कौतुक या कसबाच्या मूळ धन्यांना कधी मिळाले नव्हते, हे त्याला ठाऊक असलेले बरे.

हौसेने आरी धरणारे

जातीने नेमून दिलेले नसताना चामड्याचे काम शिकणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव मोहनदास गांधी यांचे. दक्षिण आफ्रिकेत 1910 मध्ये सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर प्रत्येकाने काही ना काही हातकाम शिकायचे, असा दंडक होता. गांधींचे सहकारी हर्मन कॅलनबाख व्यवसायाने वास्तुविशारद. ते मरियनहिल इथल्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला करायला शिकून आले आणि त्यांच्याकडून गांधी शिकले. पुढे तुरुंगात असताना त्यांनी स्वतः केलेला चपलांचा जोड 1914 मध्ये आफ्रिका सोडताना जनरल स्मट्स यांना भेट दिला. ज्यांनी तुरुंगात टाकले, त्यांनाच. स्मट्स यांनी तो वर्षानुवर्षे वापरला आणि 1939 मध्ये गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त परत पाठवला. हौशी कारागिराच्या हातचा जोड इतका टिकला, ही या छंदाची उत्तम जाहिरात आहे.

या धाग्याचे एक टोक धुळ्यालाही येते. 1932 मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथली त्यांची गीतेवरची प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. सुटकेनंतर त्याच वर्षअखेरीस विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहायला गेले. या नालवाडीत पुढे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. कातडी घ्यायची ती मेलेल्या जनावरांचीच, कत्तल केलेल्यांची नाही, असा तिथला नियम होता. 1934 मध्ये गांधींनी ‘हरिजन’मधून खेड्यातल्या चर्मोद्योगावर लिहिले आणि त्याच वर्षी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. डिसेंबर 1936 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला, म्हणजे पहिल्यांदाच एका खेड्यात, काँग्रेसचे अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी गावातल्याच साहित्यातून त्याची सजावट केली आणि खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शनही तिथे मांडले गेले. हाताने वस्तू करणे ही कमीपणाची गोष्ट नाही, हे खानदेशाने तेव्हा पाहिले.

कातड्याचे चामडे कसे होते

आता मुख्य विषयाकडे येऊ. जनावराचे कातडे प्रामुख्याने कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असते. त्याचे बारीक तंतू पिंजलेल्या कापसासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वरच्या अंगाला ही गुंतण दाट, खाली मांसाकडे सैल. कातडे ओले राहिले तर जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि वाळले तर तंतू एकमेकांना चिकटून ते लाकडासारखे होते. कमावणे म्हणजे या तंतूंच्या मध्ये असे रसायन बसवणे, की ते सडणार नाहीत आणि चिकटणारही नाहीत.

हे रसायन झाडांत असते. त्याला टॅनिन म्हणतात. कच्चे केळे किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंडाला जो तुरटपणा येतो, तो याच वर्गातल्या द्रव्यांमुळे. लाळेतल्या प्रथिनांना ती पकडतात म्हणून तोंड आवळल्यासारखे होते. बाभळीच्या सालीत साधारण 12 ते 20 टक्के टॅनिन असते, हिरड्याच्या फळात सुमारे 30 टक्के. गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठची बाभूळ जळण आणि औतांसाठी सर्वांना माहीत आहे. तिची साल महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावायला वापरली गेली. कोल्हापुरी वहाणेच्या चामड्याची परंपरा बाभूळ आणि हिरडा या जोडीवरच उभी आहे. पिवळ्या फुलांचा तरवड आपण माळावर पाहतो आणि सोडून देतो. तमिळनाडूत त्याच्या सालीवर एके काळी निर्यातीचा मोठा धंदा उभा होता.

सालीने कमावायला काही आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार कमी वेळात करण्याची पद्धत निघाली. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी 1884 मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती रुजवली. आज जगातल्या चामड्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक क्रोमने कमावलेले असते. ते मऊ, हलके आणि पाण्याला न घाबरणारे. मग हौशी कारागीर सालीच्या चामड्यामागे का लागतात? कारण सालीचे चामडे हाताचे ऐकते. ओले करून दाबले की आकार धरते, ठसा उमटवला की राहतो, कडा घासली की चकाकते, आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. क्रोमच्या चामड्यावर ठसा टिकत नाही आणि त्याची कडा घासून गुळगुळीत होत नाही.

हे ओळखायच्या तीन सोप्या खुणा आहेत. कापलेली कडा पाहा: क्रोमच्या चामड्यात आतली रेघ बहुधा निळसर-राखाडी असते, सालीच्या चामड्यात तपकिरी. रोगण न दिलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका: सालीचे चामडे तो पिऊन काळपट होते. नखाने दाबा: सालीच्या चामड्यावर वळ राहतो. जाळून पाहण्याची पद्धत काहीजण सांगतात, ती टाळावी. क्रोमचे चामडे जळताना त्यातले क्रोमियम घातक रूपात जाऊ शकते.

चौथी खूण गंमतीची आहे. लोखंडाचा कीस किंवा न रंगवलेले खिळे काही दिवस पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे. बाटलीचे झाकण सैल ठेवायचे, कारण आत वायू तयार होतो. हे पाणी गाळून सालीच्या चामड्यावर लावले की ते डोळ्यांदेखत काळे पडते. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाचा हा रंग वरून दिलेला नसतो, चामड्यातच तयार झालेला असतो, म्हणून तो हाताला लागत नाही. हिरडा आणि लोखंड यांपासून शाई करतात, तीही याच रसायनाने. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने चामडे पुसून आम्ल घालवायचे. घरी रंग करण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

कातडे मात्र घरी कमावू नये. चुन्याचे आणि सडके पाणी, दुर्गंधी आणि सांडपाणी हे राहत्या वस्तीत परवडणारे नाही. ज्यांना शास्त्र शिकायचे आहे त्यांच्यासाठी चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था 1948 पासून काम करते आहे, आणि मुंबईत वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात चर्म तंत्रज्ञानाचे पदविका अभ्यासक्रम चालतात.

खरेदी करताना

जळगाव-धुळ्याहून चामड्यासाठी बहुतेकांची वाट धारावीकडे जाते. चामडे चौरस फुटावर विकले जाते आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. शेळीचे अख्खे चामडे साधारण 4 ते 6 चौरस फूट भरते. ते पातळ, पण दाट आणि चिवट असते, पाकिटाला आणि अस्तराला उत्तम. म्हशीचे चामडे जाड, दाणा ठसठशीत. पट्टे, पिशव्या आणि वहाणांना योग्य. 2019 च्या पशुगणनेत भारतात सुमारे 10.98 कोटी म्हशी मोजल्या गेल्या, जगात सर्वाधिक. महाराष्ट्रात 2015 पासून गाईप्रमाणेच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने इथले काम मुख्यतः म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या चामड्यावर चालते. माल कशाचा आहे हे विचारावे आणि बिल घ्यावे.

एकाच चामड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग घट्ट, खांद्याचा मध्यम, पोटाचा सैल आणि ताणणारा. पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावा. पोटाकडचा पट्टा वापरता वापरता लांबतो आणि वाकडा होतो. पोटाचे तुकडे स्वस्त मिळतात. ते सरावासाठी, किल्लीच्या अडकवणीसाठी ठेवावेत. जाडीचा अंदाज असा: पाकिटाला 1 ते 1.5 मिलिमीटर, पिशवीला 2 ते 2.5, कमरेच्या पट्ट्याला 3 ते 4.

‘अस्सल चामडे’ एवढ्या शिक्क्यावर भुलू नये. जाड कातडे आडवे चिरून त्याचे थर काढतात. वरचा दाणेदार थर सर्वांत मजबूत. खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप देऊन, खोटा दाणा उमटवून विकलेला मालही कायद्याने चामडेच असू शकतो, पण दुमडीवर त्याचा लेप सुटतो. चामड्याचा भुगा डिंकाने जोडून केलेले तक्ते तर आणखी हलके. तुकडा दुमडून पाहावा: खऱ्या दाण्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या उठतात, छापील दाणा सगळीकडे एकसारखा राहतो.

पहिली वस्तू: कार्डांचे पाकीट

सुरुवात पट्ट्याने करू नये. लांब कापणे अवघड असते. एटीएम कार्डांचे छोटे पाकीट बरे. जगातल्या सगळ्या बँक कार्डांचा आकार एकच, 85.6 गुणिले 54 मिलिमीटर. दोन्ही बाजूंना शिवणीसाठी 3-4 मिलिमीटर आणि कार्ड सहज सरकावे म्हणून थोडी मोकळीक धरली, तर कप्प्याची रुंदी 98 ते 100 मिलिमीटर होते. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापावा, त्यात कार्ड घालून पाहावे, मगच चामड्याला हात लावावा. पुठ्ठ्यावरची चूक फुकट सुधारते, चामड्यावरची नाही.

अवजारे मोजकीच लागतात. धारदार सुरी, स्टीलची पट्टी, रेघ मारायला कंपास, भोके पाडायला दातेरी छिद्रक किंवा साधी आरी, लाकडी हातोडी, बोथट टोकाच्या दोन सुया आणि मेण लावलेला दोरा. चामडे पातळ करण्यासाठी चर्मकार जी रापी वापरतात, तिची सर आयात केलेल्या चाकूंना क्वचितच येते. रुंद, गोलसर पात्याने ती थर तासत जाते. दुमडीच्या जागी आणि जिथे तीन-चार थर एकत्र येतात तिथे असे तासले नाही, तर पाकीट फुगते.

कापल्यानंतर कडांना दोन्ही अंगांनी चिकटवण्याच्या सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा, हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच थर जोडायचे. ओले असताना जोडले तर पकड येत नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, त्याचा वास डोक्यात जातो. मग कडेपासून 3 मिलिमीटरवर कंपासने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर 3 ते 4 मिलिमीटरच्या अंतराने भोके पाडायची. भोके सरळ आणि सारख्या अंतरावर असली की शिवण आपोआप सुरेख दिसते. हौशी कामात शिवण वाकडी दिसते ती बहुधा भोकांमुळे.

दोऱ्याची लांबी शिवणीच्या सुमारे चौपट घ्यावी. पाकिटाच्या तीन बाजू मिळून 24 सेंटीमीटर असतील तर साधारण एक मीटर. दोन्ही टोकांना सुया ओवून पहिल्या भोकातून दोरा निम्मा आरपार काढायचा. मग पुढच्या भोकात आधी डावीकडची सुई, तिच्यामागून उजवीकडची, आणि दोन्ही टोके एकाच जोराने ओढायची. हा क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही. एकदा डावी आधी, एकदा उजवी आधी असे झाले की टाक्यांचा कल बिघडतो. दुसरी सुई घालताना पहिल्या दोऱ्याला टोचू नये, नाहीतर तो पुढे ओढला जात नाही. शेवटी दोन-तीन टाके मागे यायचे आणि दोरा कापायचा. पॉलिस्टरचा असेल तर टोक किंचित वितळवून दाबायचे. काम धरायला लाकडी चिमटा गुडघ्यांत धरला, की दोन्ही हात मोकळे राहतात.

शिवणयंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या पोटात एकमेकांना फक्त अडकवलेले असतात. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही आणि शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या टाक्यात प्रत्येक भोकातून दोन्ही टोके गेलेली असतात. एका जागी झीज झाली तरी बाकीचे टाके जागच्या जागी घट्ट राहतात. रस्त्यावरचा कारागीर खाचेची आरी आत घालून खालचा दोरा वर ओढतो आणि त्याच्या फासातून दुसरे टोक ओवतो. ती बांधणी यंत्राच्या जवळची, पण वेग विलक्षण. चपलेचा अंगठा पाच मिनिटांत शिवून देणे हे त्याच्या पोटाचे गणित आहे. हौशी माणसाला घाई नसते, म्हणून त्याने सावकाश, मजबूत टाका निवडावा.

कडा, तेल आणि खानदेशी ऊन

चांगले काम कडेवरून ओळखतात. आधी बारीक पॉलिश पेपरने कडा एकसारखी करायची, मग किंचित ओली करून जाड सुती कापडाने किंवा गुळगुळीत लाकडाने जोराने घासायची. घर्षणाने तंतू बसतात आणि कडा चकाकते. परदेशी कारागीर यासाठी ट्रॅगॅकँथ नावाचा इराणकडचा डिंक वापरतात. त्याच्याऐवजी जगभरच्या उद्योगांत चालणारा डिंक आपल्या सातपुड्यातल्या कांडोळाच्या झाडाचा. पांढऱ्या, चकचकीत खोडाचे हे झाड उन्हाळ्यात निष्पर्ण उभे असते. त्याचा चिमूटभर डिंक रात्रभर पाण्यात भिजवून तयार होणारे बुळबुळीत पाणी आधी टाकाऊ तुकड्याच्या कडेवर लावून पाहावे. शेवटी मेणाचा हात दिला की पुरे.

निगा राखण्याचा सल्ला मात्र युरोपच्या पुस्तकांतून घेऊन चालणार नाही. जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. सामान्य हवेत चामड्यात साधारण 12 ते 14 टक्के पाणी असते; कोरड्या उष्ण वाऱ्यात ते उडते आणि चामडे कडक होऊन तडकते. वर्षातून दोन-तीनदा तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. मोटांना आणि वहाणांना पूर्वी करंजाचे किंवा एरंडीचे तेल लावत. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठते, आणि धुळ्याच्या हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, हे तेल निवडताना लक्षात ठेवावे. तेल जास्त झाले तर चामडे लिबलिबीत होते आणि कपड्यांना डाग पडतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उष्णतेची. ओले चामडे ठरावीक तापमानाला आक्रसते. कच्च्या कातड्यासाठी ही मर्यादा साधारण 60 ते 65 अंश, सालीच्या चामड्यासाठी 70 ते 85, तर क्रोमचे चामडे उकळते पाणीही सोसते. मे महिन्यात पत्र्याचे छप्पर किंवा बंद गाडीतला काचेखालचा भाग 60-70 अंशांपर्यंत तापू शकतो. म्हणून भिजलेली वहाण उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळत घालू नये, सावलीत वाऱ्याला ठेवावी. पावसाळ्यात उलटा त्रास: बुरशी. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात ठेवावी, मधूनमधून बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावी.

श्रेय कुणाचे

कोल्हापुरी वहाणेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. महाराष्ट्राच्या बाजूने ते संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने मिळवले. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच वहाणा मांडल्या आणि मूळचे नावही घेतले नाही. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर प्रेरणा कुठली ते कंपनीने मान्य केले. खानदेशातल्या मोटेला, आसुडाला, खोगिराला असे मानांकन नाही. त्यांचे कारागीर एकेक करून दुसऱ्या कामाला लागले. उरलेले गटई कामगार ऊन-पावसात बसून चपला शिवतात. त्यांच्यासाठी पत्र्याच्या स्टॉलची सरकारी योजना आहे, पण स्टॉल मिळाला म्हणून कसबाला दाम मिळतोच असे नाही.

चामड्याचे काम शिकू पाहणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. व्हिडिओ जरूर पाहा, पण आरी धरायची कशी, रापीला धार कशी लावायची, कोणता तुकडा घ्यायचा आणि कोणता टाकायचा, हे आपल्या गावातल्या चर्मकाराकडून शिका. शिकवणीला जसे पैसे देतो तसे त्यांच्या वेळेचे पैसे द्या, घासाघीस करू नका, आणि केलेल्या वस्तूचे कौतुक झाले तर कुणाकडून शिकलो ते त्यांच्या संमतीने नाव घेऊन सांगा. छंद तुमचा असेल, विद्या त्यांची आहे.